चाळीस वर्षांची बाग, दोन चांगले अहवाल आणि जमिनीलगतचा बोअर

खरेदीदार नवरा-बायकोने माझ्यापुढे दोन कागद ठेवले तेव्हा व्यवहार जवळजवळ ठरला होता. 11 एकर जमीन. चाळीस वर्षं तिथे फळबाग होती, आता सहा वर्षांपासून बहुतेक भाग पडीक. एक बोअर, एक जुनी विहीर, राहतं घर, रिकामा गोठा आणि पश्चिमेच्या बांधाजवळ औषधांची एक खोली. दोन्ही कागद विकणाऱ्याने दिले होते: एक माती परीक्षणाचा अहवाल, दुसरा बोअरच्या पाण्याचा. "दोन्ही चांगले आलेत मॅडम, तुम्ही फक्त एकदा नजर टाका," असं त्यांचं म्हणणं.

मी भूजलाचं काम करते. नजर टाकली आणि दोन्ही कागदांनी मला अस्वस्थ केलं. मातीच्या अहवालात हवा तो प्रश्नच विचारलेला नव्हता. पाण्याच्या अहवालात उत्तर होतं, पण वेगळ्या मापात. (जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून पुढे काही तपशील बदलले आहेत.)

दोन कागद

मातीच्या अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं होती. या मातीत पीक कसं येईल, याचं ते उत्तर. मातीत चाळीस वर्षांत काय मुरलं आहे, हे त्यात येत नाही आणि ते येणं अपेक्षितही नसतं. नमुना घेण्याची रीतसुद्धा त्याच कामासाठी ठरवलेली आहे. शेतात नागमोडी चालत वीसेक ठिकाणची माती घ्यायची, एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे आणि उरलेल्याचं पुन्हा तेच. बांधाजवळची, विहिरीजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही, असं त्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. पिकासाठी ते योग्यच आहे. पण दूषित माती सापडते ती नेमकी याच जागांवर.

त्या दोघांना मी एक हिशेब मांडून दाखवला. 11 एकर म्हणजे सुमारे 44,500 चौरस मीटर. औषधाच्या खोलीमागे 60 चौरस मीटरचा दूषित तुकडा असेल, तर तो एकूण जमिनीच्या एक-सातशेचाळिसांश भरतो. कुठेही पावलं टाकत वीस ठिकाणची माती घेतली, तर त्यातलं एकही ठिकाण या तुकड्यात येण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी. आणि समजा एक आलंच, तरी बाकीच्या एकोणीस स्वच्छ मुठींत मिसळून त्याचा आकडा विसाव्या हिश्श्यावर येतो. अहवाल खोटा नव्हता. त्या तुकड्याबद्दल तो काही बोलतच नव्हता.

पाण्याच्या अहवालात एक ओळ होती: नायट्रेट नायट्रोजन, लिटरला 19 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली नायट्रेटची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे हे त्यांनी वाचलं होतं, म्हणून ते निश्चिंत होते. पण 50 हा आकडा संपूर्ण नायट्रेटचा. नुसत्या त्यातल्या नत्राचा आकडा दिला असेल तर त्याला 4.43 ने गुणावं लागतं. 19 चे होतात 84. त्यांच्या घरी दोन महिन्यांत नातवंड येणार होतं, आणि नायट्रेटचा सगळ्यात मोठा धोका बाटलीच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं आणि बाळ निळसर पडतं. विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध अमेरिकेतल्या आयोवामध्ये हंटर कॉमली या डॉक्टरांनी 1945 मध्ये दाखवून दिला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण थोडं वाढतं. हे ऐकल्यावर ताईंनी अहवाल माझ्या हातातून परत घेतला आणि ती ओळ दोनदा वाचली.

इथे तुम्ही काय करणार?

तपासणीचा आराखडा करण्याआधी मी हा प्रश्न नेहमी विचारते. दूषित पदार्थ जमिनीत आहे एवढ्यावरून धोका ठरत नाही. तो पदार्थ, माणूस आणि त्या दोघांमधली वाट, तिन्ही असतील तरच धोका. एकच माती कापसाच्या शेतात चालून जाते आणि अंगणात चालत नाही.

त्यांची यादी अशी होती: बोअरचं पाणी प्यायला. औषधाच्या खोलीची डागडुजी करून तिथे अवजारं. खोलीमागे आयती मोकळी जागा आहे म्हणून तिथे तीसेक कोंबड्या. भिंतीवर भोपळ्याचे वेल. आंब्याच्या सावलीत नातवासाठी खेळायची जागा, आणि तो आंबाही त्या खोलीपासून दहा पावलांवर.

ती मोकळी जागा मोकळी का होती, याचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. खोलीच्या इतर तिन्ही बाजूंना गुडघाभर गवत आणि मागे साधारण बारा मीटर बाय पाच मीटरचा उघडा पट्टा. जुनी उपग्रह छायाचित्रं वर्षावार उघडून पाहिली, तर तो पट्टा प्रत्येक वर्षी उघडाच दिसला, ऐन पावसाळ्यातल्या चित्रातही. त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट सापडली. दक्षिणेच्या कोपऱ्यात पूर्वी एक खड्डा होता आणि नंतरच्या वर्षांत तो सपाट झालेला. विकणाऱ्याच्या बोलण्यात त्या खड्ड्याचा उल्लेख नव्हता.

सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती बागेत तीस वर्षं राबलेल्या एका आजोबांकडून. त्यांना कुठलंही रसायन नावानिशी विचारलं नाही, फक्त फवारणीच्या दिवशी सकाळपासून काय काय करायचात ते सांगा म्हटलं. "औषध कालवायचो ते इथंच. पिंप धुवायचं तेही इथंच. मोरचूद आदल्या रात्री भिजवायचं. पांढरी पावडर असायची, ती हातानं मारायची." पांढरी पावडर म्हणजे बीएचसी आणि डीडीटी ही जुनी कीटकनाशकं, हे डब्यांच्या वर्णनावरून कळलं. मोरचूद आणि चुना म्हणजे बोर्डो मिश्रण हे तांब्याचं बुरशीनाशक, म्हणजे चाळीस वर्षं बागभर तांबं. इंजिनघरामागे जमिनीत डिझेलची टाकी पुरलेली आहे हेही त्यांनीच सांगितलं. तिथे गवतातून दोन इंच पाइप वर आलेला होता, आम्ही त्याच्या शेजारून दोनदा गेलो होतो.

आणि बोअर. केसिंग पाइप, म्हणजे बोअरला आतून आधार देणारी नळी, जमिनीच्या पातळीला कापलेला, तोंडावर फरशीचा तुकडा, भोवती पाणी साचेल असा खळगा. अठरा मीटरवर, चढाच्या बाजूला, गोठा. गुरं गेली होती, पण शेणाचा जुना थर तसाच होता.

नमुने

बागेसाठी आणि उघड्या पट्ट्यासाठी दोन वेगळ्या पद्धती वापरल्या. बागेत तांबं सगळीकडे थोडं थोडं असणार, म्हणून तिथे चौकटी आखून प्रत्येक चौकटीतली माती एकत्र केली. पट्ट्यात मात्र एकही नमुना दुसऱ्यात मिसळला नाही. सहा जागा आणि प्रत्येक जागेवर चार थर: 0 ते 15, 15 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 100 सेंटिमीटर. वरच्या थरातून नातवाच्या हातापर्यंत काय जाईल ते कळतं, खालच्या थरांतून पाण्याकडे काय निघालंय ते कळतं. माती भारी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी होती. अशा मातीत पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून थेट खाली उतरतं आणि वरच्या मातीची गाळणी चुकवतं. म्हणून एक नमुना मुद्दाम भेगेच्या तळातून घेतला.

स्वच्छ जागेचा नमुना घ्यायचं बरेच जण विसरतात. तांबं, शिसं, आर्सेनिक खडकातूनही मातीत येतात. तुलनेला तीच माती पण कधी न फवारलेली हवी. ती उत्तरेच्या कोपऱ्यात मिळाली, जिथे कधीच झाडं नव्हती. शिसं आणि आर्सेनिक तपासायला सांगितलं ते वेगळ्या कारणाने. डीडीटीच्या आधीच्या काळात फळबागांवर लेड आर्सेनेट मारत, आणि ते मारलं असेल तर मातीत शिसं आर्सेनिकच्या वजनाने पावणेतीन पटीच्या आसपास जादा दिसतं. इथे तसं काही दिसलं नाही.

हाताळणीत कसूर झाली की पुढचं सगळं वाया जातं. आधी स्वच्छ जागेचे नमुने घ्यायचे, सगळ्यात दूषित जागेचे शेवटी. दोन नमुन्यांमध्ये ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, धुवायचं. कीटकनाशकांसाठी काचेच्या बरण्या. डिझेलमधल्या बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठीच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या, आत हवेचा बुडबुडाही नको. सगळं बर्फात ठेवून प्रयोगशाळेत. एका नमुन्याच्या दोन बरण्या वेगळ्या नावांनी पाठवल्या. दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणून बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला.

पाणी कुठून कुठे

जमिनीचा उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे होता. औषधाची खोली बोअरच्या खालच्या अंगाला, तेव्हा तिथलं औषध बोअरकडे येणार नाही, असं सगळे धरून चालले होते. जमिनीखालचं पाणी जमिनीच्या उताराने जातंच असं नाही. बोअर, विहीर आणि शेजारच्या शेतातली विहीर अशा तीन ठिकाणची पाण्याची पातळी एकाच सकाळी मोजली, पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवून. तिन्ही तोंडांची उंची लेव्हलने मोजली आणि कागदावर त्रिकोण काढला. पाणी आग्नेयेकडे जात होतं, म्हणजे खोलीकडून जुन्या विहिरीकडे. बोअर वाटेत नव्हता. पण पंप तासन्‌तास चालला की बोअरभोवतीची पातळी बसते आणि जवळपासचा उतार उलटतो, म्हणून बोअरच्या पाण्यातही कीटकनाशकं तपासायची ठरली.

पाण्याचा वेग काढला. मुरमाच्या थराची पाणी वाहू देण्याची क्षमता दिवसाला एक मीटर धरली, पातळीचा उतार शंभराला एक, आणि पाणी ज्या पोकळ्यांतून हलतं त्या एकूण घनफळाच्या पाच टक्के. या हिशेबाने पाणी दिवसाला 20 सेंटिमीटर, वर्षाला सुमारे 73 मीटर सरकतं. खोलीपासून विहीर 110 मीटरवर. नायट्रेट पाण्याच्याच वेगाने जातं, ते दीड वर्षात पोचलं असतं. डीडीटीचं तसं नाही. ते मातीतल्या सेंद्रिय कर्बाला इतकं घट्ट धरून बसतं की पाणी पुढे जातं आणि ते जागेवर राहतं. बीएचसी त्यामानाने सैल असतं. खोलीमागची माती ही प्यायच्या पाण्यापेक्षा हाताला, पायाला आणि कोंबडीच्या चोचीला लागण्याची गोष्ट असणार, हा माझा अंदाज तिथेच झाला. बोअरच्या नायट्रेटचा उगम वेगळा असणार, हेही.

बोअरचं काय झालं

पंप सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला एक नमुना घेतला आणि दोन तास पाणी सोडून दिल्यावर दुसरा. पहिल्यात नायट्रेट लिटरला 88 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 39. पहिल्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतूही सापडले. जुन्या विहिरीत नायट्रेट 33. सगळं भूजलच खराब असतं तर दोन तासांनी आकडा असा घसरला नसता. खराबी बोअरच्या तोंडाशीच होती.

खात्रीसाठी आणखी एक साधा प्रयोग केला. केसिंगभोवतीच्या खळग्यात मिठाचं पाणी ओतलं, पंप चालू ठेवला आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता दर पाच मिनिटांनी मोजली. पस्तीसाव्या मिनिटाला काटा चढू लागला. बोअर घेताना केसिंग आणि जमीन यांच्यातली फट सिमेंटने बंदच केलेली नव्हती. दर पावसात गोठ्यावरून आलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जात होतं. मातीचा जो जाड थर पाणी गाळतो, तो इथे असून नसल्यासारखा होता.

ज्या बोअरबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती, तोच त्या घराच्या दृष्टीने पहिला धोका निघाला. सगळे औषधाच्या खोलीकडे बोट दाखवत होते, कारण तिथे वास येतो आणि डबे दिसतात. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही.

माती

उघड्या पट्ट्यात डीडीटी आणि त्याच्या विघटनातून बनणारे पदार्थ मिळून वरच्या थरात किलोला 14 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 0.2, चौथ्यात काही नाही. भेगेच्या तळात मात्र थोडा अंश होता. डीडीटीपेक्षा त्याचं विघटन होऊन बनणारं डीडीई जास्त होतं, त्यावरून हे साचलेलं जुनं आहे, अलीकडे कुणी टाकलेलं नाही, हे कळलं. बीएचसीच्या प्रकारांत बीटा हा सगळ्यात चिवट प्रकार वरचढ होता, तोही जुनेपणाचीच खूण. दोन्ही विहिरींत आणि बोअरात यांपैकी काही आढळलं नाही.

बागेत तांबं किलोला 150 मिलिग्रॅमच्या आसपास, स्वच्छ कोपऱ्यात 40. इतक्या तांब्याने माणसापेक्षा गांडुळांना आणि कोवळ्या मुळांना त्रास. सामू 7.8 होता, अशा मातीत तांबं बांधलेलं राहतं. आम्लधर्मी खतांनी सामू उतरला तर ते सुटेल, म्हणून तेवढी खबरदारी लिहून दिली. बागेसाठी आणखी काही करायची गरज मला वाटली नाही.

कोंबड्यांबद्दल मात्र मी अडून बसले. मोकळी फिरणारी कोंबडी दिवसभर माती उकरते आणि खाण्याबरोबर मातीही गिळते. डीडीटी, बीएचसी चरबीत साठतात आणि अंड्याच्या बलकातून बाहेर पडतात. अंडं खाणार नातू. हा सगळा रस्ता पाण्याला न शिवता पूर्ण होतो. भोपळ्याच्या वेलांचीही तीच गोष्ट: काही भोपळावर्गीय वेल मातीतलं डीडीई इतर पिकांपेक्षा कितीतरी जास्त उचलतात. खोलीमागे कोंबड्या आणि भिंतीवर वेल, या जागेसाठी याहून वाईट निवड शोधून सापडली नसती.

निर्णय

बोअर आधी. दुरुस्ती होईपर्यंत प्यायला बाहेरचं पाणी, हे पहिल्याच दिवशी ठरलं. केसिंगभोवती तीन मीटर खोल खणून फट सिमेंट आणि बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीच्या मिश्रणाने भरली, पाइप जमिनीच्या वर दीड फूट नेला, भोवती बाहेर उतरता काँक्रीटचा ओटा केला. शेणाचा थर उचलून बोअरच्या उतारावर दूर नेला. नंतर क्लोरीनने बोअर धुतला. क्लोरीन जंतूंसाठी, त्याने नायट्रेट कमी होत नाही, हे मी लिहूनही दिलं.

पट्ट्याबद्दल वाद झाला. नांगरणीच्या कंत्राटदाराने सुचवलं की ती माती एक एकरात पसरून टाका, आकडा आपोआप खाली येईल. आकडा खाली येईल हे खरं आहे. 60 चौरस मीटरचा वरचा थर एक एकरात पसरला तर 14 चे 0.2 होतात आणि पुढची तपासणी छान दिसते. पण विष तेवढंच राहतं, साठ मीटरांत होतं ते चार हजारांत जातं आणि मग कुणालाही गोळा करता येत नाही. आज ते एका जागी आहे ही त्यातली चांगली बाजू आहे. मी अहवालात ही शिफारस ठळक अक्षरांत नाकारली.

40 सेंटिमीटरपर्यंतची माती काढायची ठरली, 24 घनमीटर, वजनाने तीस-पस्तीस टन. घातक कचरा हाताळण्याची परवानगी असलेल्या ठिकाणी ती गेली. खणताना धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडलं, कामगारांना मास्क आणि हातमोजे दिले. खड्ड्याच्या तळाचे आणि भिंतींचे नमुने पुन्हा तपासले. दोन भिंतींत अजून माल निघाला, तिथे अर्धा फूट आणखी कापलं. खर्च विकणाऱ्याने किमतीतून सोसला. डिझेलची टाकी रिकामी करून, वाफा घालवून उचलली. तिच्यावर कटर चालवायला मी कुणाला परवानगी दिली नाही, कारण जुन्या टाकीतली वाफ पेट घेते. खाली अर्ध्या मीटरपर्यंत माती काळी होती, तेवढी काढली. पंचवीस मीटरवरच्या विहिरीत बेंझिन आढळलं नाही.

व्यवहार चार महिने उशिरा झाला. कोंबड्या उत्तरेच्या कोपऱ्यात गेल्या, जिथून मी तुलनेची माती घेतली होती. पावसाळा उलटल्यावर बोअर पुन्हा तपासला: पाचव्या मिनिटाला नायट्रेट 41, दोन तासांनी 37, ई. कोलाय नाहीत. 37 मर्यादेच्या आत आहे, तरी बाळाच्या दुधासाठी आरओचं पाणी वापरायला मी सांगितलं, कारण बाकीचं नायट्रेट आजूबाजूच्या खतांतून येतंय आणि ते वर्षागणिक हलतं.

दक्षिणेचा बुजवलेला खड्डा राहिला. चाचणीसाठी खणला तेव्हा दीड मीटरवर काचेच्या बाटल्या आणि गंजलेले डबे लागले. तेव्हा पाणी खड्ड्याच्या तळापासून चार मीटर खाली होतं, पण तो उन्हाळा होता. भर पावसात पाणी तळाला भिडतं का, यावर सगळं अवलंबून आहे. खड्ड्याच्या उतारावर एक अरुंद निरीक्षण बोअर घेतला आहे. ताई दर महिन्याच्या एक तारखेला त्यात टेप सोडून पातळी वहीत लिहितात. ऑगस्टमधल्या नोंदीत पाणी तळापासून फक्त सव्वा मीटर खाली होतं. डबे पुढच्या उन्हाळ्यात काढायचे ठरले आहेत.